नाटकातली भेली

बिजलीबाईनं भेलीचा वास घेतला आणि ती घाबरून मागंच सरली. गूळ खरा होता!

आता यात भ्यायचं काय, असं तुम्ही म्हणाल. पण राळेगावकडच्या त्या तांड्यात गूळ म्हणजे साधी गोष्ट नव्हे. पोरीच्या बापानं भेली फोडून तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नायकाच्या, हातावर खडा ठेवायचा, नायकानं तो चघळून गिळायचा, की सगाई पक्की. मग आभाळ कोसळलं तरी शब्द फिरत नाही. म्हणून तर दर उन्हाळ्यात ते जुनं लग्नाचं नाटक व्हायचं, तेव्हा भेलीच्या जागी मातीचं ढेकूळ असायचं. कंजूस बाप, पळपुटा नवरदेव, तिखट जिभेची नवरी. तीन पिढ्या पोट धरून हसल्या, पण ढेकूळ कुणी बदललं नव्हतं.

यंदा मंडप, माईक, थंड पाण्याचे जार, सगळं खेमसिंगनं दिलं होतं. भेलीही त्याचीच. हा शेजारच्या तांड्याचा मुकादम. होळीला आपल्या पोरासाठी, ऋतिकसाठी, जमनीला मागायला आला होता. जमनी बिजलीबाईची एकुलती पोर, यवतमाळला नर्सिंगला नंबर लागलेली. बिजलीबाईनं तोंडावर नाही म्हटलं. खेमसिंग चिडला नाही, नुसता हसला. तेच तिला खटकलं होतं.

उन्हं कलली तशी माणसं कडुनिंबाखाली जमली. बिजलीबाई लगबगीनं मंडपामागं गेली. तिचा नवरा रामलाल कंजूस बापाच्या मिशा चिकटवत होता. नवरी खुद्द जमनीच होती.

"अवो, तो गूळ खरा हाय. ढेकूळ ठेवा."

"मंग काय झालं? नाटकच तं हाय! लोकायले मजा येईन."

"मले भेव वाटून राह्यलं."

"तुले तं सावलीचंबी भेव वाटते. जाय, समोर बस."

मेल्याला टाळ्या दिसल्या की बायको दिसत नाही!

पहिला अंक रंगला. दुसऱ्याच्या आधी खेमसिंग उठला आणि म्हणाला, "नवरदेव होनाऱ्या पोराले ऊन लागलं म्हंते. माह्या ऋतिकले सारं पाठ हाय." ऋतिक तर फेटा बांधूनच बसला होता. बिजलीबाई उठून गर्दीतून वाट काढू लागली.

"आन् खोटा नायक कायले पाह्यजे? आपले नेमसिंग नायक बसून हायेत ना!"

लोकांनी शिट्ट्या मारल्या. सत्तरीचे नेमसिंग नायक लाजत लाजत मंचाच्या फळ्यांवर चढले. रामलालला तर उधाण आलं. त्यानं दणक्यात भेली फोडली, आणि बिजलीबाई पोचेपोचेपर्यंत खडा नायकाच्या तोंडात गेला.

"बंद करा! नायक, थुंका तो! माह्या पोरीची सगाई नाही करायची मले!"

लोक खदखदून हसले. त्यांना वाटलं, यंदा नवरीच्या आईलाही नाटकात घेतलं.

खेमसिंग तेवढा हसला नाही. त्यानं माईक हातात घेतला. "नायक, खऱ्या बापानं खरा गूळ देला. समदे पंच पाहून राह्यले. सगाई झाली का नाही, तुमीच सांगा."

हशा जागीच थांबला. रामलालनं हातातली अर्धी भेली खाली ठेवली. "नायक... म्या तं... नाटकात," एवढंच त्याला बोलता आलं. जमनीनं घुंगट मागं सारला आणि आधी बापाकडं, मग ऋतिककडं पाहिलं.

"याडी, हे काय होऊन राह्यलं?" तिनं आईला विचारलं.

बिजलीबाईनं नायकापुढं गुडघे टेकले आणि ओंजळ धरली. "थुंका, नायक. माह्या हातावर थुंका. पाया पडतो तुमच्या."

नेमसिंग नायकांचा जबडा थांबला. चाळीस वर्षांत त्यांनी सगाईचा गूळ कधी थुंकला नव्हता, आणि थुंकणारा नायक कुणी ऐकलाही नव्हता. त्यांनी समोर बसलेल्या पंचांकडं पाहिलं. एकेकानं मान खाली घातली. म्हाताऱ्यानं डोळे मिटले. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली.

"गिळला म्या, बिजली," ते म्हणाले.