फुंकणीतला मंत्र

बाजाराच्या दिवशी माझ्या काट्यापाशी मुंगी शिरायला जागा नसायची. गुरं तोलणं हा माझा धंदा, पण लोक यायचे ते फुंकबाबांच्या गोऱ्ह्यांचं वजन ऐकायला. बाबा चांदीची फुंकणी जनावराच्या कानामागे टेकवून मंत्र फुंकायचे. जनावर दचकलं की म्हणायचे, "भिनला." टिपूसभर रक्त यायचं, ते अंगठ्याने पुसून वर राख लावायचे. सहा महिन्यांनी तोच गोऱ्हा जोडीच्या बिनमंत्राच्या गोऱ्ह्यापेक्षा वीस किलो जास्त भरायचा. आकडा मीच ओरडून सांगायचो. माझा काटा खोटं बोलत नाही, ही माझी फुशारकी, आणि बाबांना आयता साक्षीदार मिळाला.

वळूवर मात्र मंत्र फारसा चालत नसे. त्याचंही उत्तर बाबांच्या खिशात होतं: वळूला मद असतो, खच्ची केलेला गोऱ्हा म्हणजे ब्रह्मचारी, त्यालाच मंत्र लागू पडतो. लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

माझ्या ताईकडे एकच कालवड. नवरा गेल्यापासून ताई दिराच्या घरी दबून राहत होती. कालवड व्यायली की दूध विकून स्वतःची खोली घ्यायची, एवढंच तिचं स्वप्न. माझे आकडे ऐकून तिने ही कालवड आठ दिवसांची असतानाच बाबांपुढे नेली होती, आणि पुढे दर तीन महिन्यांनी नेत राहिली. कालवड दृष्ट लागावी अशी भरली, पण अडीच वर्षांची झाली तरी माजावर येईना.

मी गुरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी हात घालून तपासलं. मग कानामागची कातडी चाचपली, बारीक चीर दिली आणि मोहरीहून जरा मोठ्या तीन गोळ्या ताईच्या तळहातावर ठेवल्या.

"हा तुमचा मंत्र. मादीच्या हार्मोनची गोळी. मेंदूखालची एक ग्रंथी वाढीचं हार्मोन सोडते, आणि नराचं किंवा मादीचं हार्मोन रक्तात असलं की ती जास्त सोडते. गोऱ्हा खच्ची केला की त्याचं स्वतःचं जातं, वाढ मंदावते. गोळीने ती कसर भरून निघते. वळूकडे स्वतःचं असतंच, म्हणून त्याला फरक पडत नाही."

"आणि हिला?" ताईने विचारलं.

"हिला कोवळ्या वयापासून पुन्हा पुन्हा दिलं. गर्भाशय वाढलंच नाही. ही गाभण राहणार नाही, ताई."

ताई गोळ्यांकडे बघत राहिली. माझा जीव तुटला, कारण तिला बाबांपर्यंत माझ्याच आवाजाने नेलं होतं.

पुढच्या बाजाराला मी बाबांची फुंकणी हिसकावली आणि सगळ्यांसमोर एका बटाट्यावर दाबली. आत लपवलेली सुई बाहेर आली. बटाटा कापला तर मधोमध तशाच गोळ्या. डॉक्टरीणबाईंनी सगळं पुन्हा समजावलं. बाबा हसले. "मंत्राला देह नको का? गोळी हा मंत्राचा देह." मागून कोणीतरी म्हणालं, गुण येतो ना, मग झालं. रांग पुन्हा लागली. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या दिवसापासून प्रत्येक आकड्यामागे मी एक वाक्य ओरडतो: काटा वजन सांगतो, कारण सांगत नाही, कारण विचारा. लोक आकडा ऐकतात आणि निघून जातात.

काल ताई कालवड घेऊन काट्यावर आली. बाबांनी तिला सांगितलं होतं की मंत्र अर्धवट काढल्यामुळे बिघडलं, आता उतारा घ्यावा लागेल, आणि उताऱ्याआधीचं वजन हवं. मी म्हटलं, "ताई, उतारा त्याच फुंकणीतून देणार. निदान त्यात काय आहे ते तरी विचार."

तिने कालवडीच्या मानेवर हात ठेवला. "विचारून माझ्याकडे काय उरेल?" ती म्हणाली. "तू आकडा सांग."