गल्लीतली सत्तावीस बाळं

नकाशावर एकच गल्ली लालभडक होती. मेंदू किंवा पाठीचा कणा गर्भातच नीट न मिटलेली सत्तावीस बाळं सहा वर्षांत एकट्या त्या गल्लीतली. वर डोंगरातल्या खाणवस्त्यांत मात्र शून्य. दिवस राहण्याआधीपासून घ्यायच्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आधी कुठं वाटायच्या, ते या नकाशावरून ठरणार होतं. त्या जागांची यादी आज संध्याकाळी पाचला जाणार होती.

इस्पितळाच्या नोंदणी कारकूनबाई नकाशा न्याहाळत होत्या, तेवढ्यात त्यांची नणंद तणतणत आत शिरली. इस्पितळामागच्या त्याच लाल गल्लीत तिचं सहा खोल्यांचं लॉज होतं.

"वहिनी, तुमच्या लोकांनी तिसऱ्यांदा नळाचं पाणी तपासायला बाटलीत भरून नेलं! गिऱ्हाईक विचारतं, इथं विष आहे का? अहो, गल्लीत पाळणा हलून बारा वर्षं झाली. राहतंय कोण तिथं? मी, तो बहिरा घड्याळजी आणि दोन मांजरं. सत्तावीस बाळं काय मांजरांना झाली?"

बाईंना हसू फुटलं आणि अर्ध्यातच विरलं. "तुझ्याकडे उतरतं कोण गं?"

"कोण म्हणजे? तुमच्याच बाळंतिणी. रस्ता लांबचा, म्हणून पंधरा दिवस आधी येऊन राहतात, डोंगरातून."

फॉर्मवर रकाना होता, 'सध्याचा पत्ता'. बाई विचारायच्या, "सध्या कुठं राहता?" पोटुशी बाई लॉजचा पत्ता सांगायची. सहा वर्षं मोत्यासारखं अक्षर, कुठं खाडाखोड नाही. साहेबांनी दोनदा कौतुक केलं होतं.

बाई उठून आकडेवारीच्या साहेबांकडे गेल्या. "यादी थांबवा. चूक माझी आहे."

ऐकून साहेबांनी चष्मा काढला. "बाई, तीन महिन्यांत रिटायर होताय. कशाला पायावर धोंडा पाडून घेता? पुढल्या वर्षी करू दुरुस्त."

"पुढल्या वर्षापर्यंत वर किती जणींना दिवस जातील, साहेब?"

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. "पाचपर्यंत थांबतो. पण अंदाज नको, एकेकीला विचारून लिहा."

पहिला फोन लगेच लागला.

"बाळ पोटात राहिलं, तेव्हा कुठं होता तुम्ही?"

"कुठं असणार? घरी, वरच्या खाणीपाशी." पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "चार वर्षं झाली. आज का विचारताय?"

"मी चुकीच्या जागी लिहिलं होतं. तुमचं बाळ तुमच्या वस्तीत मोजायचंय. नाहीतर तिथं गोळ्या पोचायच्या नाहीत."

मग ती म्हणाली, "मग शेजारणीचंही लिहा. तिचं घरीच झालं, घरीच गेलं. तुमच्यापर्यंत आलंच नाही. आणि तिच्या जावेचं. थांबा, दोघींना हाक मारते. फोन ठेवू नका."

बाईंनी फोन कानाशी धरूनच एक कोरा कागद ओढला. साडेतीन वाजले होते आणि सव्वीस फोन बाकी होते.