पुढे शनिवार येतो

सेवा आणि सहल एकाच तिकिटात, ही कल्पना मेव्हणीची. सोमवार ते शुक्रवार परदेशातल्या एका अनाथ मुलांच्या वसतिगृहात शिकवायचं आणि शनिवार-रविवारी तो देश बघायचा, असे दोन आठवडे. "पुण्यही पदरात आणि फोटोही," असं ती म्हणाली तेव्हा ग्रंथपाल नुसतेच हसले. नको म्हणायला जेवढं बोलावं लागतं तेवढं बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. आमचं लग्नही असंच झालं, असं त्यांची बायको चारचौघांत सांगत असे.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांना सगळे ग्रंथपालच म्हणत. सगळा जन्म एका सार्वजनिक वाचनालयात गेला. लोकांना पुस्तकं काढून द्यायची आणि परत जागेवर लावायची, यापलीकडे आपल्याला काही येत नाही, ही त्यांची पक्की खात्री होती. परक्या मुलांना आपण काय शिकवणार? विमानात हाच प्रश्न त्यांनी बायकोला विचारला.

"अहो, अनाथ आहेत ती. तुमच्यातल्या चुका काढायला कोण आहे तिथे?" ती म्हणाली आणि डोळ्यांवर पट्टी ओढून झोपली.

वसतिगृह म्हणजे दुमजली, बसकी इमारत. पुढे अंगण, मागे कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. वर्गाच्या भिंतीवर मोठा पिवळा सूर्य रंगवलेला होता. त्याचा पोपडा एका कोपऱ्यात निघाला होता आणि खालून कुणाच्या तरी निळ्या फुलपाखराचा पंख दिसत होता. येणारा प्रत्येक गट भिंती रंगवून जाई. चौकटींवर रंगाचे इतके थर चढले होते की वर्गाची एकही खिडकी आता नीट लागत नव्हती.

पहिल्याच दिवशी संयोजकांच्या माणसाने प्रत्येकाच्या हातात कार्डांचा डबा दिला. एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला चित्र. भाषा ना मुलांची, ना पाहुण्यांची. दोघांनाही मोडकीतोडकी येणारी तिसरीच. ग्रंथपालांच्या वाट्याला मधल्या रांगेतली, वेणीचं टोक चघळत बसणारी एक दहा-अकरा वर्षांची मुलगी आली. नाव त्यांना काही केल्या उच्चारता येईना. मेव्हणीने मग तिचं नाव वेणीवाली ठेवून टाकलं.

वेणीवालीला काहीच येत नव्हतं. पहिलं अक्षर आलं की दुसरं विसरायची, दुसरं आलं की पहिलं. ग्रंथपाल घामाघूम झाले. पण बुधवारी तिला निम्मी अक्षरं ओळखता आली आणि शुक्रवारी तर तिने सगळी कार्डं एका दमात वाचून दाखवली. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. मेव्हणीने फोटो काढला. ग्रंथपाल मान खाली घालून उगाच डबा आवरत बसले.

"उगाच पुस्तकांवरची धूळ झटकत बसलात जन्मभर," बायको कौतुकाने म्हणाली. "मास्तर व्हायला हवं होतंत."

त्या शनिवार-रविवारी गट धबधबा बघायला गेला. डोंगर चढताना ग्रंथपालांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. धबधब्याशी पोचले तेव्हा इतकी गर्दी होती की पाणी इतरांच्या फोनच्या पडद्यांवरच जास्त दिसलं. मग बाजार, मग आणखी एक बाजार. रविवारी संध्याकाळी पलंगावर पडले तेव्हा पायांचे तुकडे पडले होते. तरीही डोळे मिटल्यावर त्यांना दिसत होती ती सगळी कार्डं वाचून दाखवणारी पोर. थकव्यातही बरं वाटत होतं.

मंगळवारी दुपारी गट जेवायला मुक्कामी निघाला आणि ग्रंथपालांच्या लक्षात आलं, चष्मा वर्गात राहिला. ते एकटेच मागे फिरले. वर्गात चष्मा सापडला. तेवढ्यात नीट न लागणाऱ्या खिडकीतून वाचण्याचा आवाज आला. संथ, स्वच्छ, स्वल्पविरामाला थांबणारा. असा आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता.

वाळत घातलेल्या चादरींच्या मागे वेणीवाली बसली होती. मांडीवर एक जाडजूड, कोपरे झिजलेलं पुस्तक, त्याच तिसऱ्या भाषेतलं. भोवती चार-पाच लहान पोरं. ती वाक्य वाचत होती आणि मग आपल्या भाषेत पोरांना समजावून सांगत होती.

ग्रंथपालांना पाहताच तिने पुस्तक मिटलं. पोरं पांगली. ग्रंथपाल इतके अवघडले की जणू चोरी त्यांचीच पकडली गेली होती.

"तुला वाचता येतं," ते म्हणाले. रागाने नव्हे, पण दुसरं वाक्यच सुचेना.

वेणीचं टोक तिच्या तोंडात गेलं. "येतं."

"मग त्या कार्डांचं..."

"आजोबा, तुम्हाला वाईट वाटलं का?"

"नाही," ते म्हणाले. वाटलं होतं. "पण का?"

तिने थोडा विचार केला. कुठल्याशा लहान मुलाला समजवावं तशा सुरात ती म्हणाली, "लवकर आलं ना, तर ते म्हणतात हिला येतंच. आणि दुसऱ्या मुलाजवळ जाऊन बसतात. हळू हळू आलं तर शुक्रवारपर्यंत माझ्याजवळच बसतात."

ग्रंथपाल चादरीखालच्या ओल्या फरशीवर टेकले. गुडघे कुरकुरले.

"आणि हे पुस्तक?"

पुस्तक कुणीतरी पूर्वी ठेवून गेलेलं होतं. एका नावाड्याची मुलगी नदी कुठून येते ते शोधायला निघते, त्याची गोष्ट. निम्म्यापर्यंत वाचून झाली होती. बऱ्याच वेळा झाली होती.

"निम्म्यापर्यंतच का?"

"तिथून कठीण शब्द आहेत. माझ्या मी वाचलं तर नुसतं वाचून होतं, कळत नाही. एक दोन जणांनी माझ्याबरोबर वाचलं होतं, पण सुरुवातीपासून. निम्म्यावर येतो आणि पुढे शनिवार येतो."

"मग सोमवारी?"

"सोमवारी कधी तेच येतात, ते फिरून दमलेले असतात. कधी नवे येतात. मग परत कार्डं."

त्या संध्याकाळी ग्रंथपाल वसतिगृहाच्या बाईंकडे गेले. दाराशी उभं राहून त्यांनी मनातल्या मनात वाक्य दोनदा जुळवलं. बाई मोठ्या पातेल्यातलं पाणी निथळवत होत्या. त्यांचं ऐकून त्या जराही दचकल्या नाहीत.

"मला माहीत नाही असं वाटलं तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "सगळ्यांनाच येतात ती अक्षरं. ते धाकटं, नाक वाहणारं, त्यालाही येतात."

"मग तुम्ही सांगत का नाही?"

"कुणाला? तुम्ही पाहुणे. इतक्या लांबून येता. मागच्यांनी कुठवर शिकवलं, असं आजवर कुणी विचारलं नाही, आणि पाहुण्याला आपण होऊन कसं सांगायचं की तुमचा डबा बंद करा? आनंदाने येतात, रडत जातात, आमची आठवण ठेवतात. त्या आठवणीवर हे घर चालतं." त्यांनी पातेलं पालथं घातलं आणि त्याच्याच काठावर क्षणभर हात टेकून उभ्या राहिल्या. "मुलांना मी खोटं बोलायला शिकवलेलं नाही हो. ती आपली आपण शिकली. माझ्यात ओरडायचं त्राण नाही."

ग्रंथपालांच्या अंगातही भांडायचं त्राण नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी डबा उघडाच समोर ठेवला आणि त्याच्या आडोशाने पुस्तक. पुस्तक निम्म्यावर उघडलं आणि दोघं पुढे वाचू लागले. कठीण शब्द आला की ग्रंथपाल हातवारे करत, चित्र काढत, एकदा तर भोवरा म्हणजे काय ते दाखवायला उभे राहून स्वतःभोवती फिरले आणि भिंतीला धरून बसले. वेणीवाली पहिल्यांदाच खळखळून हसली. पण तासाला तीन-चार पानंच होत. गुरुवारी त्यांनी उरलेल्या पानांची जाडी दोन बोटांत धरून पाहिली आणि हिशेब न करताही त्यांना कळलं, शुक्रवारपर्यंत हे संपत नाही.

"शनिवारी तुम्ही तळं बघायला जाणार ना?" वेणीवालीने विचारलं. तक्रार नव्हती. वेळापत्रक विचारावं तसं.

तळं. मोठ्ठं, मधोमध बेट असलेलं तळं. बायको खरं तर त्या तळ्यासाठीच आली होती. सासूचं अंथरूण सांभाळण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. त्या वर्षांत स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर होडी असलेल्या एका तळ्याचं चित्र होतं आणि वर्ष उलटलं तरी तिने ते काढू दिलं नव्हतं.

ग्रंथपालांनी शनिवारी वसतिगृहात थांबायचा विषय काढला तेव्हा ती बॅगेत शाल घालत होती.

"म्हणजे तुम्ही येणार नाही."

"तसं नाही गं. म्हणजे... तू म्हणशील तर येतो."

"हे बरंय तुमचं! म्हणजे आलात तर माझ्यामुळे पोरीचं राहिलं, आणि नाही आलात तर माझं मी बघायचं."

मेव्हणी दारातून म्हणाली, "भाऊजी, एक शनिवार तर आहे. आपण गेल्यावर तिला कोण वाचून दाखवणार आहे? एका दिवसाने असं काय होणार?"

हाच प्रश्न ग्रंथपाल दोन दिवस स्वतःला विचारत होते. काय होणार? त्या मुलीसाठी राहतोय की त्या टाळ्यांची भरपाई म्हणून राहतोय?

बायकोने शालीची घडी मोडली, पुन्हा घातली. "जन्मभर ते वाचनालय माझी सवत होतं. वाटलं होतं, ती तरी मागे राहिली. तर इथेही दत्त म्हणून उभी." मग थकलेल्या आवाजात म्हणाली, "राहा. पण आल्यावर कसं होतं म्हणून विचाराल ना, तर पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगेन. आणि ते सगळं ऐकून घ्यावं लागेल."

शनिवारी वसतिगृह वेगळंच दिसलं. पाहुणे नव्हते म्हणून मुलं मोठ्याने बोलत होती, भांडत होती. ग्रंथपालांना फाटकात पाहून सगळी एकदम गप्प झाली आणि एका जणाने सवयीने कार्डांचा डबा आणून पुढ्यात ठेवला.

"तो नको," वेणीवाली त्याला म्हणाली.

ते दिवसभर वाचत राहिले, आधी अंगणात, मग ऊन सरकलं तसे भिंतीकडेला. दुपारनंतर ग्रंथपालांचा डोळा लागला. बाही ओढल्याने जाग आली. वेणीवालीचं बोट एका शब्दावर होतं.

"हा काय?"

त्यांनी सांगितला. ती पुढे वाचू लागली, ते पुन्हा पेंगले, ती पुन्हा बाही ओढू लागली. आपण झोपलो तरी ही उठून जात नाही, एवढं त्यांच्या पेंगुळल्या डोक्यात शिरलं. संध्याकाळी नावाड्याची मुलगी बर्फाच्या डोंगराखाली पोचली होती आणि नदीचा उगम सापडायचा होता. पुस्तकाचा चौथा हिस्सा अजून उरला होता.

"राहिलं," वेणीवाली म्हणाली आणि पुस्तक मिटायला लागली.

"थांब." ग्रंथपालांनी खिशातून जुन्या तिकिटाची कोरी बाजू काढली. त्यांच्या वाचनालयात एक रीत होती. वाचनकक्षात बसून वाचणाऱ्याचं पुस्तक संपलं नाही, की त्यात चिठ्ठी घालून ते वेगळ्या फळीवर ठेवायचं. चिठ्ठीवर लिहायचं, 'वाचक येणार आहे.' मग कुणीही ते कपाटात परत लावत नसे, पानही बदलत नसे. त्यांनी तेच त्या तिसऱ्या भाषेत लिहिलं आणि चिठ्ठी पानात ठेवली.

"पण उघडणार कोण?" तिने विचारलं.

ग्रंथपालांनी पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं. तो प्रश्न रविवारभर त्यांच्याबरोबर राहिला.

सोमवारी सकाळी जी गाडी त्यांना विमानतळावर न्यायला आली, तिच्यातूनच नवा गट उतरला. निरोपाचं गाणं झालं. मुलांना ते तोंडपाठ होतं. बायको रडली, मेव्हणी रडली. नव्या पाहुण्यांच्या हातात डबे दिले गेले. गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक दाढीवाला तरुण मधल्या रांगेत वेणीवालीसमोर बसला. त्याने पहिलं कार्ड वर धरलं.

वेणीवालीने कार्डाकडे पाहिलं. मग दाराशी बॅग घेऊन उभ्या असलेल्या ग्रंथपालांकडे. वेणीचं टोक तोंडात गेलं.

अनोळखी माणसाशी ग्रंथपाल जन्मात आपण होऊन बोलले नव्हते. वाचनालयातसुद्धा लोक विचारीत आणि ते सांगत. त्यांनी बॅग खाली ठेवली. बाई मागे उभ्या होत्या हे त्यांना कळत होतं.

"माफ करा," ते तरुणाला म्हणाले. "हिला अक्षरं येतात. सगळ्यांनाच येतात. हिच्याकडे एक पुस्तक आहे, त्यात खूण आहे. तिथून पुढे वाचा. आणि पुढच्यांना सांगून जा, तुम्ही कुठवर आलात ते."

तरुण गोंधळला. "पण काका, आम्हाला तर कार्डांपासून सुरुवात करायला सांगितलंय."

"हो. आम्हालाही सांगितलं होतं."

तेवढ्यात वेणीवाली उठली. मागे गेली, पुस्तक घेऊन आली. तरुणाच्या हातातलं कार्ड तिने अलगद काढून घेतलं, पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं, चिठ्ठीचं पान उघडलं आणि ओळीवर बोट ठेवून थांबली. येतंच की हिला म्हणून हा आता उठून गेला, तर?

तरुणाने तिच्याकडे पाहिलं, बोटाखालची ओळ वाचली. कॅमेरा गळ्यातून काढून बाकावर ठेवला. "डोंगराखालून, इथून का?" त्याने विचारलं.

"इथून," वेणीवाली म्हणाली.

बाईंनी एक लांब सुस्कारा सोडला. रागाचा की कसला, ग्रंथपालांना कळलं नाही. त्या पुढे आल्या, डबा उचलला आणि दुसऱ्या पाहुण्याला म्हणाल्या, "तुमचाही इकडे ठेवा. मुलांना काय येतं ते आधी विचारा."

तरुणाने मागे वळून हाक मारली. "काका, शनिवारी इथे बघण्यासारखं काय आहे?"

"तळं छान आहे म्हणतात," ग्रंथपाल म्हणाले. "मी पाहिलं नाही."

गाडी निघाली. खिडकीतून वर्ग दिसेनासा झाला. पुढच्या शुक्रवारपर्यंत तरी ती चिठ्ठी पुढे सरकेल का, त्यापुढच्या गटाला कुणी सांगेल का, याचा त्यांना अजिबात भरवसा वाटत नव्हता. अंग इतकं जड झालं होतं की डोकं आपसूक बायकोच्या खांद्यावर गेलं.

"झोपायचं नाही," ती म्हणाली. "विचारा आता."

"कसं होतं तळं?"

तिने घसा साफ केला, शाल नीट केली आणि धक्क्यावरच्या तिकिटाच्या रांगेपासून सुरुवात केली. बराच वेळ सांगून झाल्यावर ती थांबली. "ऐकताय ना? की मी आपली वाऱ्याशी बोलतेय?"

"ऐकतोय," ग्रंथपाल डोळे न उघडता म्हणाले. "होडी निम्म्यात आली होती. पुढे?"