मोहाखालची आग

"इवलीशी आग, अन् बोलणं केवढं! एवढ्यात माझ्या भाकरी थापून झाल्या असत्या," मिराबाई रूपाबाईच्या कानाशी कुरकुरली.

एरवी रूपाबाई पदराआड हसली असती. आज तिचे डोळे टेकडीवरून हलत नव्हते. पांढरा धूर काळपट होऊन राहिला होता.

२००१ सालचा फाल्गुन. सेनगावकडच्या एका तांड्याची वन समिती टेकडीच्या पायथ्याशी जाळरेषेवर जमली होती. आग पुढं सरकू नये म्हणून गवत काढून केलेली ही रुंद पट्टी. वनरक्षक प्रेमानंद म्हणत होता, "इथून समोरून आग लावू. दोन्ही आगी भिडल्या की खायला काही उरणार नाही. जागीच विझतील."

"आगीनं आग विझवता व्हय?" तांड्याचा नायक धर्मसिंग म्हणाला. "कडुनिंबाचे डहाळे घ्या अन् चला वर. लहान हाय तवर झोडपून काढू."

"मागच्या साली झोडपतच बसलो होतो, नायक. वारा फिरला अन् रोपवन गेलं."

"तवा उशिरा गेलतो."

"आता काय लवकर चाललोय?"

दोघांचंही बराबर होतं, हीच तर तकलीफ.

आग लागली कशी, हे मात्र कुणी विचारेना. मोहाची फुलं गळू लागली की तांड्यातल्या बाया झाडाखालचा पाला पेटवतात. काळ्या भुईवर पिवळं फूल चटकन दिसतं. हे नायकाला ठाऊक होतं, प्रेमानंदलाही असावं. पण नाव निघालं की केस झाली, म्हणून नाव निघत नव्हतं.

रूपाबाईची सासू, चतुराबाई, सकाळी टोपलं अन् काडेपेटी घेऊन वर गेली होती. अजून उतरली नव्हती. आग सोडून पळणारी ती म्हातारी नव्हेच. आपण लावलेली आपणच विझवावी म्हणून ओढणीनं झोडपत असणार. आता समोरूनही आग आली, तर ती जाणार कुठं?

प्रेमानंदनं वाळल्या गवताची चूड वळली, काडी ओढली.

मिराबाईनं रूपाबाईच्या दंडाला चिमटा घेतला. "गप ऱ्हा. येईल बुढी."

नायकासमोर सुनेनं तोंड उघडायचं नसतं. रूपाबाईनं घुंगट मागं सारला.

"थांबा साहेब! माझी सासू वर हाय. आग तिनंच लावली. अन् दरसाली आमीच लावतो, समद्याजणी."