दोन नेटांवर एकच हाक

"कोल्हापूर, बेळगाव बोलतोय. सिरम निघालं का? ओव्हर."

खरखर.

परशरामनं हेडफोन कानावर दाबला. बेळगावातल्या वडगावच्या त्या गल्लीत घरागणिक विजेवरचे माग. ते सुरू झाले की त्यांच्या मोटारींची भुणभुण थेट रेडिओत शिरायची. मागं दारात त्याची थोरली बहीण तानीबाई उभी. तिची लेक मनु घटसर्पानं इस्पितळात पडलेली. गळा सुजलेला, श्वास शिट्टीसारखा वाजणारा. गावात त्यावरचं औषध, सिरम, नाही. उद्या दुपारपर्यंत टोचलंच पाहिजे, असं डॉक्टर काल म्हणाले होते.

तो उद्या उजाडला होता.

परशराम टेलिफोन खात्यात. पण ट्रंक कॉलनं एकच माणूस गाठता येतो, आणि सिरम कुणाकडं आहे हेच ठाऊक नाही. परवाना काढून जुळवलेला हा हौशी रेडिओ मात्र एका हाकेत पन्नास घरांत पोचायचा. रोज सकाळी हौशी मंडळी हवेत एका ठरल्या जागी जमत, हजेरी देत. त्याला ते नेट म्हणत. कोल्हापूरचं नेट मारुतीराव चालवत. ते उठलं की हुबळीचं, कल्लाप्पांचं. परशराम दोन्हीकडं हजर. म्हणजे कोल्हापूरला तो कर्नाटकातला, अन् हुबळीला मराठी.

नवख्यालाही पहिल्याच दिवशी एक रीत सांगत. एक गरज दोन नेटांवर मांडायची, तर दोन्हीकडं तसं बोलून मांडा.

काल त्यानं मांडली दोन्हीकडं. दुसरीकडंही मागितलंय, हे बोलला कुठंच नाही. बोललो तर कोल्हापूरचे म्हणतील, तुझ्या सरकारच्या लोकांना विचार. हुबळीचे म्हणतील, तुझ्या भाषेच्या लोकांना विचार. मधल्या मधे पोर—

खरखर. मग मारुतीराव.

"परशराम, पोरगी कशी हाय रं? हुबळीचं सिरम पोचलं न्हवं? ओव्हर."

"हुबळीचं? तुम्ही पाठवणार होता न्हवं! ओव्हर."

"बाटली हातात होती गड्या. पण निपाणीचा भरमू म्हणाला, तू हुबळीलाबी मागितलंस, तिकडं सोय होतीया. मग इचलकरंजीच्या एका लेकराला दिली. टोचलीबी. तू बोलला न्हाईस, लेका. ओव्हर."

भरमू तंबाखूच्या वखारीतला मुनीम. दोन्ही नेट ऐकायचा, सगळ्यांचं भलं चिंतायचा. हुबळीलाही त्यानं कोल्हापूरहून सोय होतेय, असंच सांगितलं असणार.

तानीबाईनं भावाचं तोंड पाहिलं. "काय झालं?"

"कुणीच पाठवलं न्हाय, आक्का."

"दोघंबी देत्यात म्हणालतास की!"

"दुसरा देतोय म्हणून दोघंबी बसले." "माग बंद करायला सांग जा. ऐकूच येईना."

ती धावली. एक माग थांबला. मग शेजारचा. शांतता घराघरानं सरकत जवळ आली, आणि रेडिओत नुसती फसफस उरली.

"सगळ्यांना सांगतोय. काल दोन्ही नेटांवर मागितलं. दोन्हीकडं लपवलं. माझी चूक. कुठूनच काही निघालेलं न्हाय. पोरगी अजून हाय. ओव्हर."

एकदम पाच-सहा आवाज. एकावर एक. शब्द कुठलाच कळेना.

"एकेक!" मारुतीराव ओरडले. "एकेक बोला!"

"मिरजेहून नागोजी. इथं एक बाटली हाय. मोटारसायकलनं आणतो. पर आधी सांगा, दुसरं कोण निघालंय? ओव्हर."

परशरामनं बटण दाबलं.

"कुणी न्हाय," परशराम म्हणाला. "तुम्हीच."

"मग निघालो."

त्यानं खटका फिरवला. हुबळी. कल्लाप्पा मोडक्या मराठीत विचारत होते, "आमची बाटली फ्रिजातच हाय. धारवाडचा डॉक्टर मागतोय. तुमचं कोल्हापूरचं आलं काय? ओव्हर."

नाही, एवढंच सांगायचं. खोटंही नव्हतं. मिरजेचं नाव घेतलं तर बाटली धारवाडला जाईल. अन् नागोजीची गाडी वाटेत बंद पडली तर?

"कोल्हापूरचं आलं न्हाय. पण मिरजेहून एक आत्ता निघालंय, कल्लाप्पाअण्णा. तरी तुमचंबी पाठवा. दोन्ही आलं तर एक मी स्वतः धारवाडला पोचवतो. कोल्हापूरच्या नेटवरबी हेच सांगतो. ओव्हर."

बटण सोडलं.

गल्लीच्या टोकाला एक माग सुरू झाला. मग दुसरा. हेडफोन भुणभुणीनं भरला, आणि तिच्या तळाशी कल्लाप्पांचा आवाज, "परशराम, आम्ही—"

तानीबाई धापा टाकत दारात आली. "काय म्हणाले?"

पाठवतो म्हणाले, हे शब्द त्याच्या जिभेवर आले होते.

"ऐकू आलं न्हाय, आक्का. माग परत सुरू झालेत."

ती आली तशीच वळली, अनवाणी. शेजारच्या दारावर तिचे दोन्ही तळहात पडू लागले.