आखाजीची मुऱ्हाळी आणि पिवळा दिवा

माझी मोटारसायकल पंधरा वर्षांची आहे, आणि एकदा ती मला न सांगता एकटीच धुळ्याला जाऊन आली होती. जळगावात, आमच्या मेहरूणमध्ये, यावर कोणी विश्वास ठेवत नाही. पण रस्ता तिला तोंडपाठ आहे, त्याला मी काय करू? जळगाव सुटलं की पाळधी, एरंडोल, पारोळा, मग धुळं. पांझरेचा पूल ओलांडला की देवपूर, आणि देवपुरात माझ्या धाकट्या बहिणीचं, पुष्पाबाईचं घर.

दरवर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी मी तिला आणायला निघतो. सासरहून लेकीबाळींना माहेरी आणतो तो मुऱ्हाळी. पुष्पा आता सहासष्टची झाली, मी एकाहत्तरचा. पण मुऱ्हाळ्याला वयाची अट कोणी घातल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आमच्या गल्लीत कडुनिंबाला झोका बांधलेला असतो, घरात घागर भरायची असते, आणि पुष्पाच्या लहानपणच्या मैत्रिणी त्या एका दिवसाला जमतात. पूर्वी नऊ जणी होत्या. आता चौघी उरल्यात, पुष्पा धरून. त्यामुळे या चौघींना आखाजी चुकवणं परवडत नाही.

यंदा सकाळी सातलाच निघालो. पारोळा मागे पडलं आणि मीटरवर एक पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या आकाराचा, बोटाच्या नखाएवढा. मी त्याच्याकडे पाहिलं, तो माझ्याकडे पाहत राहिला. गाडी मात्र झकास पळत होती. न खोकणं, न अडखळणं. मग मी गळ्यातला रुमाल काढून मीटरवर बांधला. जो दिसत नाही तो दिवा लागलेला नसतो, असं माझं मत आहे.

माझा भाचा प्रेमराज वीज कंपनीत आहे. अशा माणसापासून दिवा लपवणं सोपं नसतं. मी दारात गाडी उभी करतो न करतो तोच त्यानं रुमाल उचलला.

"मामा, हा दिवा कधीपासून?"

"तो होय? तो उन्हाळ्याचा दिवा आहे. पारा बेचाळीसच्या वर गेला की लागतो. खास खानदेशासाठी काढलेलं मॉडेल आहे हे."

"फक्त खानदेशासाठी?"

"विदर्भाचा लाल असतो."

प्रेमराज हसला नाही. त्यानं चावी फिरवून दिवा नीट पाहिला आणि म्हणाला, "इंधन सोडणाऱ्या यंत्रणेत बिघाड आहे, म्हणून लागतो हा. मधेच बंद पडली तर? पारोळ्याच्या घाटात, एखाद्या ट्रकच्या पुढ्यात बंद पडली तर?"

"पारोळ्याला घाट कुठंय?"

"मामा, विषय बदलू नका. दिवा विझला तर आईला घेऊन जा. नाही विझला तर मी तिला रविवारी कारने सोडतो. आज-उद्या मला सुटी नाही, उन्हाळ्यात फोन थांबत नाहीत."

आखाजी शुक्रवारची. रविवारी काय उरतं? दोर सोडलेला कडुनिंब आणि डब्यात सांजोऱ्यांचा चुरा. मैत्रिणी शनिवारीच आपापल्या गावी परत जातात.

पुष्पा ओट्यावर तयार होऊन बसली होती. अंगावर नवं कोरं हिरवं पातळ, मांडीवर सांजोऱ्यांचा स्टीलचा डबा, डोक्यावर हेल्मेट. हेल्मेट तिनं कधीचं घातलं होतं देव जाणे. गुडघ्यामुळे तिला एसटीची पायरी चढवत नाही, पण ओट्यावरून गाडीच्या सीटवर ती राणीसारखी बसते.

"प्रेमराज, माले आजच जानं शे," ती हेल्मेटच्या आतूनच म्हणाली. "आनि जासू तर भाऊना मांगे बसीसनच जासू."

"आई, दिवा लागलाय."

"मंग ईझाड ना. घरेघर वीज तूच देस ना?"

शेवटी प्रेमराजनं दोन गल्ल्या पलीकडचा भटू मिस्तरी बोलावला. भटू पन्नाशीचा, हाताला कायम ऑइल, तोंडात कायम बडीशेप. भटू सांगेल ते ऐकायचं, असं मायलेकांचं ठरलं. माझ्या म्हणण्याला त्या ठरावात जागा नव्हती. मी खोटं बोलतो अशी माझी ख्याती देवपुरापर्यंत पोचलेली आहे.

भटूनं आधी बॅटरीला मीटर लावला. बॅटरी उत्तम. मग इंजिनाला कान लावला. इंजिनही उत्तम. "नाना, गाडी बठ्ठी ठीक शे," तो मला म्हणाला, "पन दिवा उगीच लागत नाही."

"कॉम्प्युटर लाव ना," प्रेमराज म्हणाला.

"माझा स्कॅनर नव्या गाड्यांशी बोलतो. ही म्हातारी त्याला ओळख दाखवत नाही. पण हिची स्वतःची भाषा आहे." भटूनं साइड स्टँड खाली केला, इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली. पिवळा दिवा लुकलुकायला लागला. ठरावीक वेळा लुकलुकायचा, मग थांबायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. "किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. प्रत्येक आकड्याचा एक आजार. यादी माझ्या मोबाइलमध्ये आहे."

सकाळचे दहा वाजलेले, वैशाखाचं ऊन. त्या उन्हात दिवा लागला काय, विझला काय, सारखंच दिसत होतं. पुष्पानं ओट्यावरूनच पदर लांबवला आणि मीटरवर सावली धरली. त्या पदराखाली आम्ही तिघांनी डोकी घातली. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल, घरात पाळणा हललाय.

"आठ," प्रेमराज म्हणाला.

"नऊ," भटू म्हणाला.

"अकरा," मी म्हणालो. खरं तर मीही नऊच मोजले होते. पण नऊ नुसतं सांगणं माझ्या जिभेला जमेना.

"आठ म्हणजे एक पार्ट, नऊ म्हणजे दुसरा, अकरा म्हणजे तिसराच," भटू वैतागला. "नक्की किती? चुकीचा पार्ट उघडला तर संध्याकाळ होईल."

आमचं चौथं डोकं तोवर वेगळंच काम करत होतं. पुष्पा बोटाच्या पेरांवर मोजत होती. कुरडया घालताना मोजते तशी, अंगठा पेरापेरावरून पुढे सरकवत.

"नऊ," ती म्हणाली. "चार डाव मोजं मी. चारी डाव नऊ. मना भाऊ लबाड शे, पन गाडी लबाड नही."

नऊवर शिक्का बसला. भटूनं मोबाइल नाकाजवळ धरून वाचलं. "नऊ. आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर. एअर फिल्टरच्या डब्यावर बसतो. एवढासा असतो. गाडीला हवा गार की गरम ते कळत नाही, म्हणून ती अंदाजानं चालते, आणि दिवा लावून सांगते की मी अंदाजानं चाललेय." तो मान हलवत राहिला. "सेन्सर गेला असेल तर तो इथं मिळायचा नाही. चार-पाच दिवस तरी."

"म्हणजे रविवार," प्रेमराज म्हणाला, आणि पुष्पानं हेल्मेट काढलं.

एवढ्या वेळात तिनं पहिल्यांदाच हेल्मेट काढलं होतं. ते तिनं डब्याशेजारी ठेवलं, आणि पदराच्या टोकानं त्याच्यावरची धूळ पुसत बसली. धूळ नव्हतीच.

आणि मी दोन्ही हात हळूच खिशात घातले. कारण एअर फिल्टरचा तो डबा परवाच मी उघडला होता.

आता हे सांगताना मला जड जातं. बत्तीस वर्षं मी ठिबक सिंचनाचं काम केलं. जळगाव जिल्ह्यातल्या केळीच्या अर्ध्या बागांना पाणी माझ्या हातून पोचलंय. (अर्ध्या नसतील. पण बऱ्याच.) ठिबकवाल्याच्या हाताला एक सवय असते. कुठलाही जोड उघडला की परत बसवताना त्याच्यावर टेफ्लॉनची पांढरी टेप गुंडाळायची. टेप न लावता जोड बसवला तर आम्हाला झोप लागत नाही. परवा फिल्टर झटकायला डबा उघडला, तेव्हा मधे येणारी एक वायर मी उपटली होती. टोकाला छोटा प्लास्टिकचा जोड. परत लावताना माझ्या हातानं मला न विचारता आपलं काम केलं. खिशात टेप होतीच, नेहमीच असते.

गप्प बसलो असतो तर माझी अब्रू राहिली असती. पण पुष्पा हेल्मेट पुसत होती.

"भटू," मी म्हणालो, "त्या सेन्सरच्या जोडावर मी टेफ्लॉन टेप गुंडाळलीय."

प्रेमराज हसायला लागला. सकाळपासून पहिल्यांदा. "मामा, विजेच्या वायरीला नळाची टेप? थाप मारायची तर जरा पटेल अशी तरी मारा!"

"खरं सांगतोय."

"गेल्या वर्षी गिरणेच्या पुलावर मगर तुमच्या मागे बसली होती, तेही खरंच होतं."

"ती घोरपड असेल, मी मान्य करतो. पण टेप खरी आहे."

"भटूभाऊ, तुम्ही सेन्सर मागवा. आमचे मामा असेच आहेत."

आयुष्यात मी एकदा शुद्ध, निर्भेळ खरं बोललो आणि ते कोणाच्या घशाखाली उतरेना. मी पुष्पाकडे पाहिलं. ती माझ्या तोंडाकडे बारकाईनं बघत होती. लहानपणी चिंचा चोरल्यावर बघायची तशी.

"उघड रे भटू," ती म्हणाली. "ह्याना कान लाल व्हयना शेत. खोटं बोलस तवय ह्याना कान कधीच लाल व्हतस नही."

भटूनं सीट काढली, डब्याजवळ दोन बोटं घातली आणि जोड ओढून बाहेर काढला. त्यावर पांढरीशुभ्र टेप. सात वेढे, सुबक, एकावर एक. काम बाकी सुंदर झालं होतं, हे मला म्हणावंच लागेल. टेप आत पिनांपर्यंत घुसली होती आणि जोड शेवटपर्यंत बसलाच नव्हता; उरलीसुरली पकड पारोळ्यापर्यंतच्या धक्क्यांनी सोडवली होती.

"नाना," भटू हळूच म्हणाला, "तीस वरीस गाड्या खोलतोय. ह्यातून पानी गळनार नाही, एवढं नक्की."

त्यानं टेप सोलली, ब्रशनं पिना साफ केल्या, फुंकर मारली आणि जोड दाबला. टक्. अशी टक् परवा माझ्याकडून झाली नव्हती. मग चावी बंद करून पुन्हा फिरवली. पिवळा दिवा लागला.

"लागला!" प्रेमराज ओरडला.

"साहेब, चावी फिरवल्यावर तो रोजच लागतो. हजेरी देतो." भटूनं बटण दाबलं. इंजिन सुरू झालं, आणि दिवा विझला. पाच मिनिटं आम्ही चौघं त्या विझलेल्या दिव्याकडे बघत होतो. काहीही न दिसण्याकडे माणसं इतक्या प्रेमानं बघताना मी पहिल्यांदाच पाहिली.

प्रेमराज स्वतः गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर मारून आला. मग त्यानं आईचा डबा गाडीच्या बाजूच्या बॅगेत ठेवला, तिच्या डोक्यावर हेल्मेट चढवून पट्टा लावला आणि मला म्हणाला, "पन्नासच्या वर जायचं नाही. आणि पोचल्यावर फोन. फोनवर खरं बोलायचं."

ओट्यावरून पुष्पा सीटवर उतरली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि आम्ही निघालो. पारोळ्याला उसाचा रस घेतला. एरंडोलला ती म्हणाली, "जरा जोरमा लई चाल, मांगली रिक्षा पुढे गई." मी पन्नासच्या वर गेलो नाही. म्हणजे फार वेळ गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी झोक्याशी चौघी जमल्या होत्या. दोघी बसलेल्या, दोघी झोका देणाऱ्या, मग अदलाबदल. माझी बायको सुगंधाबाई सांजोऱ्या वाटत होती. मी ओट्यावर खरबूज कापत ऐकत होतो. पुष्पा कालच्या प्रवासाचं सांगत होती.

"एवढा मोठा दिवा!" तिनं दोन्ही हात पसरले, झोक्याचा दोर सुटायची वेळ आली. "लालभडक! धुळ्याना पाच मिस्तरी उनात, पाचीना पाची हात टेकी गयात. मंग मना भाऊनी डोया मिटीसन इंजिनवर हात फिरावा, आनि दिवा आपोआप ईझना!"

मैत्रिणींचे डोळे विस्फारले. मला राहवेना. "अगं, दिवा पिवळा होता," मी म्हणालो. "मिस्तरी एकच होता. आणि चूक माझीच होती. मी टेप गुंडाळली होती."

तिघी मैत्रिणी झोका थांबवून हसत सुटल्या. "नाना," त्यांच्यातली एक डोळे पुसत म्हणाली, "आखाजीना दिवस तरी खरं बोला ना!"

पुष्पानं पायानं जमीन रेटली आणि झोका पुन्हा वर गेला.