मुठीतली शिट्टी

मी कानाची मशीन बोलतेय. दचकू नका. आजवर मी दुसऱ्यांचं ऐकत आले आणि ऐकलेलं पुढे पोचवत आले, स्वतःचं असं बोलायची वेळ पहिल्यांदाच आली आहे. त्यात आज घरी पाहुणे यायचेत, माझा जीव थाऱ्यावर नाही. तेव्हा बोलताना थोडं मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला माहीत नाही. 'कातडीचा रंग' म्हणून कारखान्यात मला गुलाबी रंग दिला. कुणाची कातडी बघून दिला देव जाणे! जिच्या कानामागे मी बसते ती शिवकन्या चांगली सावळी आहे. त्यामुळे मी लांबूनसुद्धा डोळ्यांत भरते, आणि पुढचं सगळं रामायण या दिसण्यामुळेच घडलं.

शिवकन्या ही घाटनांदूरच्या नागप्पांची थोरली मुलगी. नागप्पांचं बाजारात भांड्यांचं दुकान आहे. शाळेत असताना तिला मोठा ताप आला, आणि ताप उतरला तो कान घेऊनच. डावा कान पार गेला, उजव्यात थोडी धुगधुगी राहिली. लातूरच्या डॉक्टरांनी तिच्या उजव्या कानात मऊ लगदा भरून साचा काढला आणि त्या साच्याला मला जोडलं. तेव्हापासून मी जगात दुसऱ्या कुणाच्याच कानात नीट बसू शकत नाही. आमचं लग्न तेव्हाच लागलं म्हणा ना.

मला लावल्यावर तिनं पहिल्यांदा ऐकली ती दवाखान्यातल्या पंख्याची घरघर. पोरगी रडायला लागली. तिची आई जगदेवी, तिनं तिला पोटाशी धरलं, आणि मी शिट्टी मारली. माझी ही खोडच आहे. मला कुठं दाबून धरलं की माझाच आवाज माझ्यात परत शिरतो आणि शिट्टी वाजते. डॉक्टर हसले, माय-लेकीही हसल्या. पुढं कित्येक वर्षं त्या घरात शिट्टी वाजली की रुचिका, म्हणजे धाकटी बहीण, ओरडायची, "आईनं अक्काला जवळ घेतलं बघा!"

आमचे दिवस चांगले चालले होते. शिवकन्या बी.कॉम. झाली, दुकानात बसायला लागली. गिऱ्हाईक पातेल्याचा भाव पाडून मागायचं आणि ती त्याला हसत हसत पटवायची. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी स्कूटीवर धर्मापुरीला जायचो. तिथल्या जुन्या देवळाच्या भिंतीवर दगडातल्या बायका आहेत. कुणी आरसा बघतेय, कुणी पायातला काटा काढतेय. शिवकन्या सावलीत बसून त्यांची चित्रं काढायची. वारा माझ्यात घोंघावायचा, पण मी तक्रार केली नाही. ती तिथं किती खूश असायची ते मी ऐकलेलं आहे. चित्र काढताना ती गुणगुणते, आणि ते फक्त मलाच माहीत आहे.

मग लग्नाची बोलणी सुरू झाली आणि माझे वाईट दिवस आले.

माणसांची एक गंमत मला कधी कळली नाही. चष्म्याची मुलगी बघितली की म्हणतात, 'हुशार दिसते.' आणि माझ्यावर नजर पडली की आवाज खाली आणतात. अहो, आवाज खाली आणून माझ्यापासून काय लपणार? पहिलं स्थळ आलं, माझ्याबद्दल कळलं, 'कळवतो' म्हणून गेलं. दुसरंही तसंच. तिकडं रुचिकाला सत्यम नावाचा मुलगा सांगून आला होता. दोघांची पसंती झाली होती, पण थोरलीचं उरकल्याशिवाय धाकटीचं कसं करायचं? सत्यमच्या घरचे थांबून थांबून कंटाळले होते. जेवताना या घरात कुणी कुणाच्या ताटाकडं बघेनासं झालं.

अशात शिवकन्याच्या मामानं, श्रीशैलमामानं, नांदूरघाटचं, म्हणजे आमच्या घाटनांदूरच्या उलट नावाच्या गावचं, स्थळ आणलं. मुलगा रवि, घरचं खत-बियाण्याचं दुकान, निर्व्यसनी. मामा नागप्पांना म्हणाला, "दाजी, ह्या टायमाला मशीनचं नाव काडायचं न्हाई. मुलगी बगायला आल्यावर काय इचारतेत ते मला पाठ हाय. आदी नाव, मग शिक्षान, मग सैपाक, मग छंद, मग देवधर्म. दुसरं कोन काय इचारतंय? पोरीकून उत्तरं पाठ करून घ्या, मशीन काडून ठिवा. साखरपुडा झाला की सांगू सावकाश."

"मामा, खोटं कावून बोलायचं?" शिवकन्यानं विचारलं.

"खोटं कुटं हाय? कानाचं कुनी इचारलंच न्हाई तर खोटं बोललो कसं? आन् छंद इचारला तर वाचन, भरतकाम म्हन. एकटी गाडीवर हिंडते म्हनून सांगू नको."

शिवकन्यानं रुचिकाकडं बघितलं. रुचिका खाली मान घालून चपातीचे तुकडे करत होती, खात नव्हती. "बरं," शिवकन्या म्हणाली.

चार दिवस घरात तालीम चालली. मामा पाहुणा व्हायचा, शिवकन्या मला काढून बसायची आणि क्रमानं उत्तरं द्यायची. थोडंफार ती ओठांवरूनही ओळखते. तालमीत एकदाही चूक झाली नाही. मामा खूश होता. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे त्या बाबाला कुणी सांगावं?

पाहुणे ठरल्या वेळेच्या आधीच आले. दारात गाडी थांबली आणि स्वयंपाकघरात एकच पळापळ झाली. माझी डबी सापडेना. जगदेवीनं घाईघाईनं मला शिवकन्याच्या कानातून काढलं आणि पदराआड मुठीत धरलं. सेलचं झाकण उघडलं की मी निजते. पण हे शिवकन्याला ठाऊक, तिच्या आईला नाही. म्हणजे मी टक्क जागी, आणि तीही भलत्याच ठिकाणी. जगदेवी तशीच बाहेर येऊन बायकांमध्ये बसली.

मला सगळं ऐकू येत होतं. शिवकन्यानं पोहे दिले, ती खुर्चीवर बसली. समोर रविचे वडील सोमेश्वर, शेजारी रविची आई, आणि थोडा बाजूला रवि. सोमेश्वरांची मिशी ओठांवर आलेली आणि गालात तंबाखूची गुठळी. त्या ओठांवरून काय ओळखणार? बोलणंही तोंडातल्या तोंडात. मी ऐकत होते, आणि जिच्यासाठी ऐकायचं ती चार हातांवर बहिरी बसली होती.

"नाव काय बाळ तुझं?"

"शिवकन्या."

"शिक्षान?"

"बी.कॉम. झालंय."

मामानं घसा खाकरला. अजून तीन प्रश्न. सोमेश्वर म्हणाले, "बरं, घरात सगळ्यात जास्त जीव कुनावर हाय तुझा?"

"पुरणपोळी, आणि शेंगदाण्याची चटणी," शिवकन्या म्हणाली.

मग सोमेश्वर खो खो हसले. "खान्यावर जीव हाय म्हनायचा! चांगलंय, चांगलंय." मामा सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला. नागप्पांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. निभावलं, असं मलाही वाटलं.

मग रविची आई बोलली. तिचा आवाज बारीक होता. "आमच्या सासूबाई गेल्या साली वारल्या गं. मला लेकीवानी बगत व्हत्या. तवापासून घर लई रिकामं वाटतंय."

आणि शिवकन्या गोड हसली. तालमीत ठरलेलं तसंच हसली, आणि म्हणाली, "वाचन आणि भरतकाम."

रविच्या आईच्या हातातला चमचा बशीवर टेकला. शिवकन्या हसतच होती, कारण थांबायचं कधी ते तिला कळायला मार्ग नव्हता. जगदेवीनं भीतीनं मूठ आवळली, घट्ट आवळली.

आणि मी शिट्टी मारली.

बारीक, लांबलचक शिट्टी. सगळ्यांच्या माना वळल्या. मामा खिसा चाचपत म्हणाला, "माजा मोबाईल... मोबाईल हाय." नागप्पा त्याच वेळी म्हणाले, "कुकर हाय आत." जगदेवीला वाटलं, अजून घट्ट धरलं तर ही गप्प बसेल. ती जितकी दाबत गेली तितकी मी वाजत गेले. मला थांबता येत नव्हतं हो! बांगड्या वाजत होत्या, आणि सगळं घर त्या पदराकडं बघत होतं.

फक्त शिवकन्या बघत नव्हती. ती समोर तोंड करून हसत बसली होती.

ते पहिल्यांदा रविच्या ध्यानात आलं. तो हळूच म्हणाला, "बाबा, त्यांना आयकू येत न्हाई."

सोमेश्वरांनी बशी खाली ठेवली. "नागप्पा, ताकाला जाऊन भांडं लपवायलात व्हय?"

नागप्पांनी उपरणं तोंडाला लावलं. पण आता शिवकन्यानं चेहरे वाचले होते. ते वाचायला तिला मी लागत नाही. तिचं हसू गेलं. ती उठली, आईपुढं बसली आणि तिची मूठ सोडवायला लागली. जगदेवी सोडेना. एक एक बोट उचलून शिवकन्यानं मला बाहेर घेतलं, साडीला पुसलं आणि सगळ्यांच्या देखत कानात बसवलं. आत शिरल्याबरोबर मी तिला पहिला आवाज पोचवला तो तिच्या बापाच्या हुंदक्याचा.

"रडू नका आप्पा," ती म्हणाली आणि पाहुण्यांकडं वळली. "मी परत सांगते. मला उजव्या कानानं ह्या मशीननं आयकू येतं, डाव्यानं न्हाई. पुरणपोळी आईची हाय, माझी फाटते. भरतकाम रुचिकाचं. मी स्कूटीवर धर्मापुरीला जाते आन् देवळावरच्या बायकांची चित्रं काढते. देव मानते. गळ्यात इष्टलिंग हाय, ते कधी उतरवत न्हाई. पण उपास धरत न्हाई, मला भूक निघत न्हाई." मग ती रविच्या आईजवळ गेली. "काकू, मगाशी तुमी काय बोललात ते मला कळलं न्हाई. परत सांगता का?"

रविच्या आईनं नवऱ्याकडं बघितलं, मग शिवकन्याकडं. आणि तिनं ते पुन्हा सांगितलं, सासूबाईंचं, रिकाम्या घराचं. शिवकन्याचा चेहरा पडला. "आन् मी हसले," ती म्हणाली. "माफ करा काकू." रविच्या आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. पण सोमेश्वर उठले होते. 'कळवतो' म्हणून सगळे गेले.

त्या संध्याकाळी मामा तरातरा निघून गेला. आणि आठवडाभरानं तोच धावत आला. "दाजी, जमलं! ते हो म्हनायलेत!" जगदेवीनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. रुचिका तर नाचायचीच बाकी होती. साखर खाऊन झाल्यावर मामा म्हणाला, "एक बारीक अट हाय. लग्नाच्या दिवशी मशीन नको. मांडवात त्यांचे समदे पाव्हने, फोटू, व्हिडिओ. एक दिवस काडून ठिवायची."

मला विचाराल तर मी हो म्हटलं असतं. एक दिवस डबीत राहून मी काही मरत नाही, आणि या पोरीचं भलं होत असेल तर मी पेटीच्या तळाशीही पडून राहीन. नागप्पाही म्हणाले, "एक दिवस तर हाय, बाळ." त्यांचे डोळे अक्षरशः भीक मागत होते.

शिवकन्यानं मामाकडून नंबर घेतला आणि सगळ्यांसमोर रविला फोन लावला.

"ही अट तुमची का घरच्यांची?"

"मला मशीनचं काय न्हाई," रवि म्हणाला. मुलगा वाईट नव्हता, मी आवाज ओळखते. "बाबा म्हनतेत, लोक काय म्हनतील. एका दिवसाचा तर प्रश्न हाय."

"त्या दिवशी तुमी माझ्याशी बोलनार न्हाईत का?"

"बोलनार की."

"मग मी काय करू? नुसती हसू?"

मग रवि म्हणाला, "घरी इचारून सांगतो."

"नका इचारू," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

ते स्थळ तिथंच मोडलं. नागप्पा लेकीशी बोलेनात. जगदेवी चुलीपाशी डोळे पुसायची. शेवटी रुचिकाच एका सकाळी शिवकन्याच्या अंथरुणावर येऊन बसली. "अक्का, माज्यापायी तू हो म्हनू नको. सत्यमला थांबता येत नसंल तर मलाबी तो नको." शिवकन्यानं तिला जवळ ओढलं. नागप्पा दारात उभे होते, त्यांनी ते ऐकलं, आणि दुकानात गेले.

आज अंबाजोगाईचे पाहुणे यायचेत. मी आता म्हातारी झालेय. मधूनच खरखरते, पावसाळ्यात दमते. लवकरच माझ्या जागी नवी येईल. जायच्या आधी तुमच्याकडं एकच मागणं आहे. कुणाला बघायला गेलात तर तोंडातली तंबाखू थुंकून जा, तिच्याकडं तोंड करून विचारा, आणि तिचं उत्तर येईपर्यंत थांबा. पाठ केलेलं उत्तर लगेच येतं, खऱ्याला जरा वेळ लागतो.

थांबा, बाहेर गाडी वाजली. जगदेवी माझी डबी शोधत नाहीये. तिनं शिवकन्याचे केस वर बांधलेत, मी उघडी आहे. मामा पाहुण्यांना 'या, या' म्हणतोय. पण नागप्पा उंबऱ्यातच उभे राहिलेत, वाट अडवून.

"शरणार्थ," ते हात जोडून म्हणाले. "आत यायच्या आदी एक सांगतो. आमची शिवकन्या कानाला मशीन लावती. मांडवातबी लावनार, नंतरबी लावनार. पटत असंल तर या. न्हाईतर हितूनच शरणार्थ, आमचा राग न्हाई."

मामानं कपाळावर हात मारला, तो मी ऐकला. बाहेर चपलांचा आवाज नाही, आत येण्याचा नाही आणि माघारी फिरण्याचाही नाही. शिवकन्यानं माझ्यावर बोट ठेवलंय.

मग पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज आला. "आयकलं बाबा. आता आत घेता का न्हाई? उनानं जीव चाललाय, आदी पानी द्या."

शिवकन्या तांब्या भरायला उठली. येते मी, आता मला काम आहे.